स्नूकरचे गुण कोण मोजतो? जबलपूरच्या मेसपासून संगणकाच्या प्रोग्रॅमपर्यंत

प्रास्ताविक

प्रोग्रॅमिंग शिकायला लागल्यावर पहिल्या वर्षातच एखाद्या खेळाचे गुण मोजणारा प्रोग्रॅम लिहिण्याचा स्वाध्याय तुमच्यासमोर येतो. टेनपिन बोलिंग हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. दहा फ्रेम, प्रत्येक फ्रेममध्ये जास्तीत जास्त दोन चेंडू, पाडलेल्या पिनांचे गुण आणि वर काही बोनस, इतकाच तो खेळ. तरीही पहिल्या प्रयत्नात बरोबर उत्तर देणारा प्रोग्रॅम फार थोड्या जणांना जमतो. बेरीज अवघड नसते. नियम आपल्याला पूर्ण माहीत आहे असे आपण धरून चालतो, आणि तिथे फसतो.

या पाठात आपण बोलिंगऐवजी भारतात जन्मलेला एक खेळ घेणार आहोत. तो म्हणजे स्नूकर. त्याचे जन्मस्थान म्हणून मध्य प्रदेशातील जबलपूरचे नाव घेतले जाते. पाठ इतिहासाचा आहे, पण शेवटी आपण प्रोग्रॅमकडेच येऊ. हा पाठ वाचताना एक प्रश्न सतत डोळ्यांसमोर ठेवा: खेळाचा नियम कधी लिहावा लागतो, आणि तो लिहिताना काय बदलते?

१. जबलपूर, १८७५

जबलपूर हे मराठी वाचकाला अगदीच परके शहर नाही. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. १८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत स्थापन केला तेव्हा त्याची राजधानी नागपूर झाली आणि जबलपूर त्याच प्रांतात आले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत ही दोन्ही शहरे एकाच कारभाराखाली होती. १८७० मध्ये मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि अलाहाबादकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे यांची जोडणी जबलपूरला झाली आणि मुंबई ते कलकत्ता असा सलग लोहमार्ग तयार झाला. मोठी छावणी आणि रेल्वेचे जंक्शन असल्यामुळे येथे लष्करी अधिकाऱ्यांची ये-जा सतत चालू असे.

१८७५ च्या पावसाळ्यात या छावणीतील एका पलटणीच्या मेसमध्ये अधिकारी बिलियर्ड्सच्या टेबलावर वेळ घालवत होते. त्यांत नेव्हिल फ्रान्सिस फिट्झजेराल्ड चेंबरलेन हा १९ वर्षांचा तरुण अधिकारी होता. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले नेव्हिल चेंबरलेन ते वेगळे. १८७५ मध्ये ते जेमतेम सहा वर्षांचे होते. नावे सारखी असल्यामुळे अनेक ठिकाणी घोटाळा होतो, म्हणून हे आधीच लक्षात ठेवा.

टेबलावर नेहमी खेळल्या जाणाऱ्या खेळांत काही रंगीत चेंडूंची भर घालण्याची कल्पना चेंबरलेनला सुचली. नावाची हकिकतही याच मेसशी जोडलेली आहे. इंग्लंडमध्ये वूलविच येथील लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या कॅडेटला चेष्टेने ‘स्नूकर’ म्हणत, म्हणजे आपल्याकडे नवख्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणावे तसे. एकाचा सोपा चेंडू हुकला तेव्हा चेंबरलेनने त्याला याच नावाने चिडवले. मग, या नव्या खेळात आपण सगळेच नवखे आहोत, अशी पुस्ती त्याने जोडली आणि खेळाला तेच नाव चिकटले.

२. तीन जुन्या खेळांची बेरीज

नवा खेळ शून्यातून आला नाही. त्या काळी बिलियर्ड्सच्या टेबलावर पैसे लावून खेळले जाणारे तीन खेळ येथे विचारात घ्यावे लागतात.

पहिला पिरॅमिड. त्यात १५ लाल चेंडू त्रिकोणात मांडत आणि पांढऱ्या चेंडूने ते एकेक करून कप्प्यात घालवत. दुसरा लाइफ पूल. त्यात प्रत्येक खेळाडूला वेगळ्या रंगाचा चेंडू आणि तीन ‘जीव’ मिळत; आपला चेंडू कप्प्यात गेला की एक जीव जाई आणि पैसे भरावे लागत. तिसरा ब्लॅक पूल. त्यात एक काळा चेंडू जादा असे. नेमून दिलेला चेंडू कप्प्यात घालवणाऱ्याला काळ्यावर एक प्रयत्न करायला मिळे. तो साधला तर बाकी सर्वांनी त्याला जादा रक्कम द्यायची.

आता आजच्या स्नूकरकडे पाहा. १५ लाल चेंडूंचा त्रिकोण पिरॅमिडमधून आला. वेगवेगळे रंग लाइफ पूलची आठवण देतात. आणि आधी एक लाल, मग एका रंगीत चेंडूवर संधी, ही आलटून-पालटून चालणारी रचना ब्लॅक पूलमधल्या बक्षिसाच्या फटक्याशी जुळते. सुरुवातीला रंगीत चेंडू चारच होते: पिवळा, हिरवा, गुलाबी आणि काळा. निळा व तपकिरी नंतर आले.

या तिन्ही खेळांत गुण म्हणजे पैसे होते. एका चेंडूच्या हिशेबात चूक झाली तर कुणाच्या तरी खिशाला चाट बसे. त्यामुळे कोणत्या फटक्याला काय मिळते, हे खेळणाऱ्या प्रत्येकाला पाठ असे. त्याच खोलीतील त्याच मंडळींना नियम लिहून ठेवण्याची गरज वाटत नसे.

३. भिंतीवरचा कागद: उटी, १८८२

ही गरज खोली बदलल्यावर निर्माण झाली. चेंबरलेन १८७६ मध्ये सेंट्रल इंडिया हॉर्स या घोडदळात गेला आणि आपला खेळ सोबत घेऊन गेला. दुसऱ्या अफगाण युद्धात तो जखमी झाला. पुढे मद्रास सैन्याचे सरसेनापती सर फ्रेडरिक रॉबर्ट्स यांच्या हाताखाली काम करत असताना उन्हाळ्यात त्याचा मुक्काम निलगिरीतील उटकमंड येथे, म्हणजे आजच्या उटीला, असे. तेथील क्लबात वेगवेगळ्या पलटणींचे अधिकारी एकत्र येत. प्रत्येक जण आपल्या मेसमधली पद्धत घेऊन येणार, हे उघड आहे. १८८२ मध्ये उटी क्लबात स्नूकरचे नियम लिहून बिलियर्ड्सच्या खोलीत लावले गेले.

हा छोटा प्रसंग इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जोवर खेळणारे एकमेकांना ओळखतात, तोवर नियम तोंडी चालतो. अनोळखी माणसे एका टेबलापाशी आली की तो कागदावर उतरवावा लागतो. आणि कागदावर उतरवताना, ‘अशा वेळी काय करायचे?’ या आधी कुणी न विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर द्यावे लागते.

पुढच्या पायऱ्याही अशाच आहेत. १८८५ मध्ये इंग्लंडचा नामवंत बिलियर्ड्सपटू जॉन रॉबर्ट्स धाकटा भारतात आला होता. कूचबिहारच्या महाराजांकडील भोजनप्रसंगी त्याची चेंबरलेनशी भेट झाली आणि त्याने हा खेळ इंग्लंडला नेला, असे सांगितले जाते. १९०० मध्ये तेथील बिलियर्ड्स असोसिएशनने स्नूकरचे नियम अधिकृत केले. १९१९ मध्ये दोन प्रतिस्पर्धी संघटना एक झाल्या आणि नियमांची एकच प्रमाण संहिता तयार झाली. १९२७ मध्ये जो डेव्हिसने पहिली व्यावसायिक जागतिक स्पर्धा जिंकली. भारतातून बाहेर गेलेला खेळ आता ठरलेल्या नियमांसह परत आला: १९६३ मध्ये हौशी खेळाडूंची पहिली जागतिक स्नूकर स्पर्धा कलकत्त्याला झाली, १९८४ मध्ये ओम अग्रवाल ही स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय ठरले आणि २००३ मध्ये पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणीने ती जिंकली.

मेस, क्लब, संघटना, जागतिक स्पर्धा. प्रत्येक पायरीवर नियम अधिक अनोळखी माणसांपर्यंत गेला आणि प्रत्येक वेळी तो अधिक तपशिलाने लिहावा लागला.

४. पुरावा कशाचा?

जबलपूरची हकिकत आपल्याला कळली ती मुख्यतः १९३८ मध्ये आणि त्यानंतर. स्नूकर कुणी शोधला याबद्दल तोवर वेगवेगळ्या कथा प्रचलित होत्या. खेळ वूलविचला सुरू झाला असे कुणी म्हणे, तर कुणी स्नूकर आडनावाच्या एका कर्नलचे नाव घेई. १९३८ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, चेंबरलेनने ‘द फील्ड’ या इंग्रजी साप्ताहिकाला पत्र लिहून खेळाचा जनक आपण असल्याचा दावा केला. त्या पिढीतील काही अधिकाऱ्यांनी त्याला दुजोरा दिला. १९३९ मध्ये कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी ‘द बिलियर्ड प्लेअर’ मध्ये लेख लिहून ही बाजू मांडली आणि तीच सर्वमान्य झाली.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून तुम्ही येथे थांबून विचार करायला हवा. घटना १८७५ ची आणि साक्ष १९३८ ची. मध्ये ६३ वर्षे गेली. ही साक्ष खोटी मानण्याचे कारण नाही. चेंबरलेन कोणत्या वर्षी कुठे नेमणुकीवर होता, हे लष्करी नोंदींतून ताडून पाहता येते आणि त्याला पाठिंबा देणारे लोक वेगवेगळ्या ठिकाणचे होते. पण आठवणीवर नंतरच्या काळाचे रंग चढतात. एक साधे उदाहरण घ्या. बहुतेक पुस्तकांत ‘डेव्हनशायर रेजिमेंटच्या मेसमध्ये’ हा खेळ सुरू झाला असे वाचायला मिळते. हे नाव त्या पलटणीला १८८१ च्या लष्करी पुनर्रचनेत मिळाले. १८७५ मध्ये ती ११ वी नॉर्थ डेव्हनशायर पायदळ पलटण होती. म्हणजे नंतरचे नाव आधीच्या घटनेला लावले गेले. चूक किरकोळ आहे, पण आपण वाचतो आहोत तो वृत्तांत नंतर रचला गेला, हे ती दाखवून देते.

५. मार्कर

या जन्मकथेत अधिकारी, सेनापती, महाराजा आणि इंग्लंडचा विजेता येतात. एक माणूस मात्र येत नाही, आणि तो प्रत्येक खेळाला हजर असे. तो म्हणजे मार्कर.

भारतातील मेस आणि क्लबांत बिलियर्ड्सच्या खोलीत मार्कर नेमलेला असे आणि तो बहुधा भारतीय नोकर असे. भिंतीवरच्या फळ्यावर गुण दाखवणे, कप्प्यातला रंगीत चेंडू काढून जागेवर ठेवणे, क्यूची काळजी घेणे, गुण मोठ्याने पुकारणे आणि गरज पडली तर जोडीदार म्हणून खेळणे, ही सगळी त्याची कामे. ‘मार्कर’ हा शब्द आपल्याकडच्या जुन्या क्लबांत अजून वापरात आहे.

हिशेबाच्या बाजूने पाहिले तर आज प्रोग्रॅमकडून जे अपेक्षित आहे, ते सर्व मार्कर करत होता. कोणता चेंडू पडला, कोणता पडायला हवा होता, कोणता परत ठेवायचा, पाळी कोणाची आणि एकूण किती झाले, हे तो डोक्यात ठेवी. वाद झाला तर साहेब लोक त्याच्याकडे पाहत. नियम भिंतीवर लागला त्याआधी तो ज्याच्या डोक्यात सर्वांत पक्का बसलेला असणार, असा हा माणूस. पण नियम लिहिणाऱ्यांची नावे राहिली, आणि चालवणाऱ्यांची गेली. वसाहतकाळातील खेळांचा इतिहास वाचताना ही उणीव तुम्हाला वारंवार जाणवेल. क्रिकेटच्या मैदानाची देखभाल करणारे आणि शिकारीत हाका घालणारे लोक यांच्याबाबतही हेच घडले आहे.

६. आता प्रोग्रॅम लिहू या

प्रोग्रॅम हा नियमाचा आजवरचा सर्वांत अनोळखी वाचक आहे. त्याने कधी टेबल पाहिलेले नाही आणि ‘समजून घ्या’ असे त्याला सांगता येत नाही. म्हणून नियम पुन्हा एकदा, आणखी तपशिलाने लिहावा लागतो.

प्रथम मूल्ये पाहू. लाल १, पिवळा २, हिरवा ३, तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६, काळा ७. लाल चेंडू १५, रंगीत ६ आणि मारण्यासाठी एक पांढरा, असे एकूण २२ चेंडू.

फक्त मूल्ये मिळवणारा प्रोग्रॅम अपुरा ठरतो. त्याला निदान चार गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात: दोन्ही खेळाडूंचे गुण, पाळी कोणाची, टेबलावर किती लाल व कोणते रंग शिल्लक आहेत आणि पुढच्या फटक्यात कोणत्या चेंडूवर खेळायचे आहे. या शेवटच्या माहितीला आपण ‘अपेक्षित’ म्हणू. तर्क असा लिहिता येईल:

सुरुवातीला शिल्लक लाल = १५, अपेक्षित = लाल.
अपेक्षित लाल असताना लाल पडला: जितके लाल पडले तितके गुण द्या; शिल्लक लाल तितकेच कमी करा; अपेक्षित = कोणताही एक रंग.
अपेक्षित ‘कोणताही रंग’ असताना रंगीत चेंडू पडला: त्याचे मूल्य द्या; चेंडू परत जागेवर ठेवा; लाल शिल्लक असतील तर अपेक्षित = लाल, नसतील तर अपेक्षित = पिवळा.
शेवटच्या टप्प्यात रंग क्रमाने पडतात: मूल्य द्या; चेंडू परत ठेवू नका; अपेक्षित = त्याच्या वरचा रंग.
काहीच पडले नाही: पाळी बदला; अपेक्षित = लाल, आणि लाल नसतील तर टेबलावरचा सर्वांत कमी मूल्याचा रंग.
फाउल झाला: प्रतिस्पर्ध्याला किमान ४ गुण द्या, अपेक्षित चेंडूचे किंवा चुकून लागलेल्या चेंडूचे मूल्य ४ पेक्षा जास्त असेल तर त्यांतले मोठे मूल्य द्या, पाळी बदला.

आता हा तर्क तपासून पाहू. प्रत्येक लाल चेंडूनंतर काळा घेतला तर १५ × ८ = १२० गुण होतात. शेवटचे सहा रंग क्रमाने घेतल्यावर २ + ३ + ४ + ५ + ६ + ७ = २७ गुण मिळतात. बेरीज १४७. जो डेव्हिसने १९५५ मध्ये अधिकृत मान्यता मिळालेला पहिला १४७ चा ब्रेक केला.

हे उदाहरण सोपे आहे. प्रोग्रॅमची खरी परीक्षा पुढील प्रसंगांत होते.

एक: एकाच फटक्यात दोन लाल पडले तर गुण २ होतात. ‘एक फटका, एक लाल’ असे गृहीत धरणारा प्रोग्रॅम येथे चुकतो.

दोन: शेवटचा लाल पडला की शिल्लक लाल शून्य होतात. पण त्यानंतर खेळाडूला अजून कोणत्याही एका रंगावर हक्क असतो. शेवटचा लाल, मग निळा, मग पिवळा असा क्रम कायदेशीर आहे आणि त्याचे १ + ५ + २ = ८ गुण होतात. ‘लाल शून्य झाले, आता पिवळाच’ असे लिहिलेला प्रोग्रॅम निळ्याला फाउल ठरवील.

तीन: लालवर खेळताना पांढरा आधी निळ्यावर आदळला आणि मग एक लाल कप्प्यात गेला. प्रतिस्पर्ध्याला ५ गुण मिळतात. पडलेला लाल परत येत नाही. म्हणजे खेळणाऱ्याचे गुण वाढले नाहीत, तरी शिल्लक लाल एकाने कमी झाले. शिल्लक चेंडू केवळ गुणांवरून काढता येत नाहीत, ते वेगळे मोजावे लागतात.

चार: सर्व चेंडू संपून दोघांचे गुण समान झाले. मग काय? प्रमाण नियम सांगतो की काळा पुन्हा जागेवर ठेवा आणि निकाल लावा. तुमच्या प्रोग्रॅममध्ये ‘समान’ हा पर्याय नसेल तर तो विनाकारण एकाला विजयी करील.

या चारही ठिकाणी उत्तर नियमपुस्तकात आहे. जुन्या खेळाडूंना ही उत्तरे सवयीने माहीत होती, पुस्तकाला ती लिहावी लागली आणि प्रोग्रॅमसाठी आपल्याला ती पुन्हा लिहावी लागतात.

७. बोलिंगशी तुलना

प्रास्ताविकातील बोलिंगकडे एकदा वळू. बोलिंगमध्ये पहिल्याच चेंडूत दहाही पिना पडल्या तर त्याला स्ट्राइक म्हणतात. त्या फ्रेमला दहा गुणांवर पुढच्या दोन चेंडूंचे गुण मिळतात. दोन चेंडूंत दहा पडल्या तर स्पेअर. त्याला पुढच्या एका चेंडूचे गुण जोडतात. म्हणजे आजच्या फ्रेमची किंमत पुढच्या चेंडूंवर अवलंबून असते. प्रोग्रॅमला थांबून पुढे पाहावे लागते. दहाव्या फ्रेमला पुढे काहीच नसते, म्हणून तेथे जादा चेंडू द्यावे लागतात. बाराही चेंडूंवर स्ट्राइक झाले तर एकूण ३०० होतात.

स्नूकरमध्ये गुण जागीच पक्के होतात, पण फटका वैध की अवैध हे आधीच्या फटक्यांवरून ठरते. येथे प्रोग्रॅमला मागचे लक्षात ठेवावे लागते. दोन्ही खेळांत मधला भाग सुरळीत चालतो आणि प्रोग्रॅम कडेला अडखळतो: तिकडे दहाव्या फ्रेमपाशी, इकडे शेवटच्या लालपाशी. म्हणून कोणत्याही खेळाचे गुण मोजणारा प्रोग्रॅम तपासताना सुरुवात आणि शेवट आधी तपासा.

सारांश

जबलपूरच्या मेसमध्ये स्नूकरचा नियम तोंडी होता आणि हिशेब मार्करच्या डोक्यात होता. उटीत तो भिंतीवर आला, १९०० मध्ये संघटनेच्या पुस्तकात गेला, १९१९ मध्ये एकसारखा झाला. तुम्ही लिहाल तो प्रोग्रॅम याच मालिकेतील पुढचे लेखन आहे. नियम जितक्या दूरच्या वाचकासाठी लिहावा, तितक्या त्यातल्या गाळलेल्या जागा भराव्या लागतात. या जागा आधी कोण भरत होते, हा प्रश्न इतिहासाचा विद्यार्थी विचारतो. त्या आता कशा भरायच्या, हे प्रोग्रॅम लिहिणारा ठरवतो. दोघांनीही एकमेकांचे काम थोडे पाहिले तर दोघांचाही फायदा होईल.

स्वाध्याय

१. तुमच्या गावातील एखादा तोंडी नियमांवर चालणारा खेळ निवडा: विटीदांडू, लगोरी किंवा गल्लीतले क्रिकेट. त्याचे गुण मोजण्याचे नियम दहा वाक्यांत लिहा. हा खेळ कधीही न पाहिलेल्या मित्राला ते द्या आणि त्याने विचारलेले प्रश्न नोंदवा.
२. १८७५ ची घटना आणि १९३८ ची साक्ष यांतील अंतर लक्षात घेऊन, चेंबरलेनच्या दाव्याच्या बाजूने आणि त्याबद्दल सावध राहण्यासाठी प्रत्येकी दोन मुद्दे लिहा.
३. विभाग ६ मधील तर्क तुम्हाला येत असलेल्या संगणकभाषेत लिहा आणि त्याखाली दिलेले चारही प्रसंग त्यावर चालवून पाहा.
४. टेबलावर पाच लाल व सर्व रंग शिल्लक आहेत आणि अपेक्षित चेंडू लाल आहे. फाउल न होता जास्तीत जास्त किती गुण मिळू शकतात? उत्तर: ५ × ८ + २७ = ६७. हे कसे आले ते स्वतःच्या शब्दांत समजावून सांगा.